उंचावलेल्या जिप्सीचा हरवलेला कॅस्टर : शिरपूर तालुक्यातील एका गाडीचे प्रकरण

पार्श्वभूमी

धुळे शहरात गेली अनेक वर्षे मी चाकांच्या जुळणीचे (व्हील अलाइनमेंटचे) आणि स्टेअरिंगच्या दुरुस्तीचे काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत मालट्रक, पिकअप आणि ट्रॅक्टर-ट्रॉली जास्त असतात. उंच केलेल्या चारचाकी-चालन गाड्या तुलनेने कमी येतात, पण आल्या की बहुतेक वेळा एकच तक्रार घेऊन येतात, आणि ती म्हणजे महामार्गावर गाडी सरळ धरून चालत नाही. पुढे मांडलेले प्रकरण अशाच एका गाडीचे आहे. मालकाची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे, मोजमापे मात्र आमच्या वहीत नोंदवली तशीच दिली आहेत.

गाडी २००८ सालची, पेट्रोलवर चालणारी, कापडी छताची मारुती जिप्सी होती. १९८५ मध्ये बाजारात आलेली आणि २०१९ पर्यंत तयार होत राहिलेली ही गाडी सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतकऱ्यांना अजून सोडवत नाही, आणि त्याला सबळ कारण आहे. पुढे आणि मागे अखंड अ‍ॅक्सल, दोन्हीकडे कमानी पाटे (लीफ स्प्रिंग), वजन कमी, आणि कोणत्याही गावच्या मिस्त्रीला उलगडता येईल अशी साधी रचना. या विशिष्ट गाडीला पॉवर स्टेअरिंग नव्हते. मालकाची शेती शिरपूर तालुक्यात बोराडीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर आहे. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतते आणि उन्हाळ्यात नाल्याच्या पात्रातल्या गोट्यांवरून जावे लागते, म्हणून त्यांनी ही गाडी आधीच उंच केलेल्या अवस्थेत विकत घेतली होती.

आधीच्या मालकाने काय काय केले होते, ते गाडीखाली गेल्यावर कळले. चारही बाजूंना मूळच्यापेक्षा सुमारे ५० मिलिमीटर उंची देणारे पाटे होते. त्यावर समाधान न मानता पुढे मूळच्यापेक्षा ५० मिलिमीटर लांब आणि मागे ७५ मिलिमीटर लांब शॅकल (कमानीचे एक टोक चौकटीला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्या) बसवलेले होते, मागच्या कमानीत ओझ्यासाठी एक जादा पाटा घातलेला होता, आणि २०५/७० आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ मापाचे टायर चढवले होते.

तक्रार आणि आधी झालेले उपाय

मालक पहिल्यांदा आले ते वैशाखाच्या शेवटच्या आठवड्यात, खरिपाची खते वाहून नेण्याच्या धावपळीत. शिरपूरहून धुळ्याला येताना सावळदे येथील तापीच्या पुलावर बाजूने वारा लागला आणि त्याच वेळी शेजारून कंटेनर गेला, तेव्हा गाडी जवळजवळ अर्धी लेन सरकली, असे त्यांनी सांगितले. ताशी ६० किलोमीटरच्या पुढे स्टेअरिंग सतत डावी-उजवीकडे सावरत राहावे लागे, आणि वळण घेतल्यानंतर स्टेअरिंग स्वतःहून मधोमध परत येत नसे. हाताने ओढून आणावे लागे.

त्यांनी जे आणखी एक वाक्य सांगितले, ते मी तेव्हा नुसते ऐकून घेतले, आणि त्याचे महत्त्व मला दोन तासांनी उमगले. ते म्हणाले, "दादा, माल भरा का नीट चालस, रिकामी व्हयनी का हातमा ऱ्हात नही."

आमच्याकडे येण्यापूर्वी त्यांनी तीन ठिकाणी दाखवले होते. एके ठिकाणी टाय रॉडचे (पुढची दोन्ही चाके जोडणाऱ्या दांड्याचे) सगळे सांधे बदलून दिले. दुसऱ्या ठिकाणी स्टेअरिंग बॉक्समध्ये मोकळीक आहे असे सांगून वरचा समायोजन स्क्रू आवळला. तिसऱ्या ठिकाणी संगणकीय जुळणी दोनदा झाली. त्या जुळणीची छापील पावती त्यांनी गाडीच्या कागदपत्रांच्या पिशवीतून घडी उलगडून माझ्यासमोर ठेवली. टोचे (चाके वरून पाहता आत-बाहेर किती वळली आहेत त्याचे) आकडे हिरव्या पट्ट्यात होते, कॅम्बरचे (चाके समोरून पाहता आत-बाहेर किती कलली आहेत त्याचे) आकडे हिरव्या पट्ट्यात होते, आणि कॅस्टरच्या, म्हणजे चाक वळण्याच्या रेषेच्या पुढे-मागे कलाच्या, रकान्यात दोन्ही बाजूंना फक्त आडवी रेघ होती. यंत्राने कॅस्टर मोजायचा असेल तर चाके फिरत्या तबकड्यांवर ठेवून दोन्ही बाजूंना ठरावीक अंशांत वळवावी लागतात. ती पायरी गाळली की यंत्र तो रकाना रिकामा सोडते, आणि बाकीचे हिरवे आकडे पाहून ग्राहक निश्चिंत होतो. या एका आडव्या रेघेमुळे मालकाचे चार महिने आणि बरेच पैसे गेले, हे मला आजही बोचते.

कॅस्टर म्हणजे काय आणि तो कसा गेला

ज्या वाचकांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. सायकलचा पुढचा फोर्क वरून मागे कललेला असतो. त्याची रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायरच्या टेकण्याच्या जागेच्या थोडी पुढे जमिनीला मिळते. चाक त्या रेषेच्या मागे ओढले जाते, म्हणून ते आपोआप सरळ राहू पाहते. चारचाकीत फोर्कच्या जागी किंगपिनची, म्हणजे पुढचे चाक ज्या खिळीभोवती वळते तिची, रेषा असते. तिचे वरचे टोक मागे कललेले असेल तर कॅस्टर अधिक, पुढे झुकलेले असेल तर उणे. अखंड अ‍ॅक्सलच्या, पॉवर स्टेअरिंग नसलेल्या अशा हलक्या गाड्यांत तो साधारण २ ते ४ अंशांच्या दरम्यान ठेवतात. त्यापेक्षा कमी झाला की गाडी भरकटते, आणि फार वाढवला की स्टेअरिंग जड होते व खड्ड्यातून गेल्यावर चाके थरथरू लागतात.

जिप्सीच्या पुढच्या कमानीचे मागचे टोक चौकटीला पिनने पक्के असते आणि शॅकल पुढच्या टोकाला असतो. शॅकल लांब केला की कमानीचा पुढचा डोळा (टोकाची गोल कडी) खाली जातो, मागचा जागेवरच राहतो, म्हणजे संपूर्ण कमान नाक खाली घालते आणि तिच्यावर बसलेला अ‍ॅक्सल पुढे लोळतो. त्यामुळे किंगपिनचे वरचे टोक पुढे सरकते. आम्ही फितीने मोजले तेव्हा दोन डोळ्यांमधील अंतर साधारण ९० सेंटिमीटर भरले. पुढचा डोळा पूर्ण ५० मिलिमीटर खाली गेला असता तर हिशेबाने ३.२ अंश गेले असते. शॅकल तिरका उभा असल्यामुळे प्रत्यक्षात तो सुमारे ४० मिलिमीटर खाली गेला होता, म्हणजे अडीच अंश गेले होते. एवढे गमावून मिळालेली उंची मात्र निम्मीच असते, कारण अ‍ॅक्सल कमानीच्या मधोमध बसतो. म्हणजे अडीच अंश देऊन गाडीच्या पुढच्या टोकाला जेमतेम २० ते २५ मिलिमीटर मिळाले होते.

दुसरे कारण सहज लक्षात येत नाही. कॅस्टर जमिनीच्या संदर्भात मोजला जातो, त्यामुळे संपूर्ण गाडीच पुढे कलली तर अ‍ॅक्सलही तितकाच कलतो. मागे ७५ मिलिमीटरचा शॅकल आणि जादा पाटा यांमुळे रिकाम्या गाडीचे मागचे टोक पुढच्यापेक्षा ४५ मिलिमीटर उंच उभे होते. जिप्सीच्या दोन अ‍ॅक्सलमधील अंतर २३७५ मिलिमीटर आहे. त्यावर ४५ मिलिमीटरचा फरक म्हणजे १.१ अंशाचा कल. मालकाच्या त्या वाक्याचा उलगडा इथे झाला. माल भरला की मागचे टोक बसते, गाडी समतल होते आणि हरवलेल्या कॅस्टरपैकी काही भाग परत येतो. आधीच्या कारागिरांनी "वजनाने गाडी दबून चालते" असे म्हणून ही खूण सोडून दिली होती, आणि खरे तर सगळ्यांत नेमके निदान स्वतः मालकाच्याच तोंडी होते.

तपासणी

तपासणीची पहिली पायरी निवडणे हाच पहिला निर्णय होता. थेट कॅस्टर मोजण्याचा मोह होता, पण स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू कुणीतरी आवळलेला आहे हे ठाऊक असताना तसे करणे चुकीचे ठरले असते. हा स्क्रू जास्त आवळला की स्टेअरिंग मधोमध अडकते, आणि स्टेअरिंग परत न येण्याचे लक्षण नेमके तेच असते. म्हणून आधी ड्रॅग लिंक (बॉक्सची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा) सोडवून बॉक्स मोकळा फिरवून पाहिला. मधल्या जागी हाताला स्पष्ट अडखळण लागत होती. स्क्रू योग्य जागी आणल्यावर अडखळण गेली. ड्रॅग लिंक जोडून गाडी आग्रा रोडवर थोडी चालवून पाहिली, तेव्हा स्टेअरिंग बरेच हलके झाले, पण वळणातून परत येण्याचे नाव घेईना. म्हणजे बॉक्सचा दोष खरा होता, आणि त्याखाली दुसरा दोष होता.

त्यानंतर किंगपिनचे बेअरिंग, चाकांचे बेअरिंग, कमानीचे रबरी बुश आणि टाय रॉड हलवून पाहिले. सगळे घट्ट होते. सांधे नवेच होते. टायरमधील हवा चारही चाकांत सारखी केली आणि मगच गाडी तबकड्यांवर घेतली. आमच्याकडे यंत्र आहे, तरी अशा गाडीत मी हातानेही पडताळणी करतो: चाक एका बाजूला २० अंश वळवून कॅम्बर वाचायचा, मग दुसऱ्या बाजूला २० अंश वळवून पुन्हा वाचायचा, आणि दोन्हींतील फरकाला साधारण दीडने गुणायचे. दोन्ही पद्धतींत आकडे जुळले. रिकाम्या गाडीत डावीकडे उणे ०.३ आणि उजवीकडे उणे ०.६ अंश.

मग मालकाला विचारून खताच्या दुकानातून निघालेल्या त्यांच्याच गोण्या मागे ठेवल्या. ४५ किलोच्या युरियाच्या चार गोण्या, म्हणजे १८० किलो. मागचे टोक पुढच्याच्या तुलनेत ३३ मिलिमीटर खाली आले आणि आकडे डावीकडे अधिक ०.५, उजवीकडे अधिक ०.२ झाले. उणेकडून अधिककडे अशी ही सरक होती. मालक शेजारी उभे राहून यंत्राच्या पडद्यावरचे आकडे पाहत होते, आणि गेले चार महिने आपण सांगत होतो ते खरे होते, याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसले.

या आकड्यांचा रस्त्यावर काय अर्थ होतो तेही सांगतो. या टायरची भाराखालची त्रिज्या सुमारे ३४० मिलिमीटर धरली तर उणे ०.६ अंशाला किंगपिनची रेषा टायरच्या टेकण्याच्या जागेच्या साडेतीन मिलिमीटर मागे जमिनीला मिळते, आणि ३ अंशांना सुमारे १८ मिलिमीटर पुढे. चाकाला सरळ ठेवणारा ओढा या १८ मिलिमीटरच्या आधारावर उभा असतो. टो कितीही अचूक लावला तरी त्याची जागा भरून निघत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

स्टेअरिंग डॅम्पर बसवणे हा मालकाने स्वतः सुचवलेला मार्ग होता. कुणीतरी त्यांना तो सांगितला होता. डॅम्पर झटके शोषतो, चाकाला मध्यावर आणत नाही. तो बसवला असता तर लक्षण थोडे दबले असते आणि दोष तसाच राहिला असता, म्हणून तो लगेच बाजूला ठेवला.

दुसरा पर्याय सर्वांत जलद होता. लांब शॅकल तसेच ठेवून अ‍ॅक्सल आणि कमान यांच्यामध्ये सुमारे ४ अंशांची पाचर घालायची. अर्ध्या दिवसाचे काम, उंची कायम, मालक खूश. आमचे ज्येष्ठ मिस्त्री याच बाजूने होते. माझा विरोध दोन कारणांसाठी होता. अखंड अ‍ॅक्सलमध्ये किंगपिनची बैठक आणि डिफरन्शियलचा पिनियन (शाफ्टला जोडलेले लहान दातेरी चाक) एकाच नळीवर पक्के असतात. कॅस्टर वाढवण्यासाठी अ‍ॅक्सल मागे लोळवला की पिनियनचे तोंड तितकेच खाली जाते आणि ट्रान्स्फर केसपासून (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटून देणाऱ्या पेटीपासून) येणाऱ्या पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे टोकाच्या सांध्यावर, कोन वाढतो. गाडी आधीच उंच असल्यामुळे तो कोन मुळात वाढलेला होता. फ्री-व्हील हब (पुढची चाके शाफ्टपासून सोडवणारी जोडणी) मोकळे असतील तर डांबरी रस्त्यावर पुढचा शाफ्ट फिरत नाही आणि हा दोष जाणवत नाही, पण नाल्यातून वर येताना, पूर्ण ओढ लागलेली असताना नेमका तोच क्रॉस दगा देतो. दुसरे कारण लांब शॅकलच्या आडव्या हेलकाव्याचे. शॅकल जितका लांब तितका तो बाजूला जास्त लवतो, आणि पुलावर वाऱ्याने गाडी सरकण्यात त्याचाही वाटा होता असे माझे मत होते.

तिसरा पर्याय मूळ मापाचे शॅकल पुढे-मागे परत बसवण्याचा, आणि त्यानंतर उरलेली तूट असेल तर तेवढीच पाचर घालण्याचा. यात गाडीचे पुढचे टोक २० ते २५ मिलिमीटर खाली येणार होते.

चौथा पर्याय गाडी पूर्णपणे मूळ अवस्थेत नेण्याचा. तो मी मालकासमोर गांभीर्याने ठेवला, कारण हा केवळ यंत्राचा प्रश्न नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारे बदल गाडीत करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली आहे. उंच पाटे आणि मोठे टायर राहिले तर तो प्रश्न राहतोच, कॅस्टर कितीही चांगला लावला तरी. हे मी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले.

निर्णय

मालकाचा जीव उंचीत अडकला होता. शॅकल काढायचे म्हटल्यावर ते म्हणाले की मग गाडी घेतली कशाला. या क्षणी वाद घालण्यापेक्षा त्यांना खड्ड्यात उतरवून गाडीखालून दाखवणे मला योग्य वाटले. गोट्यांवर सर्वांत आधी आपटतो तो डिफरन्शियलचा गोळा, आणि तो अ‍ॅक्सलवर आहे, चौकटीवर नाही. पाटे आणि शॅकल चौकट उचलतात. अ‍ॅक्सलची जमिनीपासूनची उंची फक्त टायर वाढवतो. जुना टायर ६६८ मिलिमीटर व्यासाचा, नवा ७३४ मिलिमीटरचा, म्हणजे गोळ्याखाली ३३ मिलिमीटर जास्त जागा मिळाली होती आणि ती शॅकल काढल्याने एका मिलिमीटरनेही कमी होणार नव्हती. मी टेप गोळ्याखाली धरून जमिनीपर्यंतचे अंतर त्यांनाच वाचायला लावले. या एका मापाने निर्णय झाला.

तिसरा पर्याय ठरला. उंच पाटे ठेवायचे की नाही, यावर मालकाने खरीप उरकेपर्यंत मुदत मागितली. तो निर्णय त्यांचा होता आणि मी तो तसाच नोंदवून ठेवला. जादा पाटा मागेच ठेवला, कारण खताची वाहतूक तोंडावर होती.

प्रत्यक्ष काम आणि एक चूक

पुढे-मागे मूळ मापाचे शॅकल आणि नवे बुश बसवले. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना घट्ट केले नाहीत. गाडी चारही चाकांवर उतरवून, दोन माणसे बसवून हलवून, मगच अखेरचा आवळा दिला. लटकलेल्या अवस्थेत आवळलेले रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. गावोगावी होणारी ही सर्वांत सामान्य चूक आहे. चाके पूर्ण वळवून आणि एक चाक लाकडी ठोकळ्यावर चढवून टायर मडगार्डला घासत नाही ना, हेही पाहिले. एका बाजूला आतल्या पत्र्याला जेमतेम बोटभर अंतर उरले होते, पण घासत नव्हते.

पुन्हा मोजले तेव्हा रिकाम्या गाडीत डावीकडे २.५ आणि उजवीकडे २.१ अंश मिळाले. गाडीचा पुढचा कल अजून ०.८ अंश होता, कारण जादा पाटा मागे होताच.

इथे थांबायचे की पुढे जायचे, हा प्रश्न खरा अवघड होता. २.१ अंश चालण्याजोगे आहेत. मात्र या मालकाची गाडी भरून शेताकडे जाते आणि रिकामी परत महामार्गावरून येते. वेग आणि वारा दोन्ही रिकाम्या फेरीत असतात. म्हणून फक्त १ अंशाची पाचर घालायचे ठरवले. अ‍ॅल्युमिनियमच्या तयार पाचरा मी वापरत नाही, कारण पाट्यांच्या सततच्या दाबाखाली त्या चेपतात आणि तडकतात. अवधानच्या औद्योगिक वसाहतीतील एका मिलिंग मशिनवर पोलादी पाचरा करून घेतल्या. बैठकीची लांबी १०० मिलिमीटर होती. एका अंशासाठी पातळ टोक ४ मिलिमीटर आणि जाड टोक पावणेसहा मिलिमीटर. सेंटर बोल्टचे डोके अ‍ॅक्सलच्या बैठकीतील भोकात नीट बसावे म्हणून लांब सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारे) घेतले, आणि कमान व अ‍ॅक्सल एकत्र आवळणारे यू-बोल्ट नवे घेतले. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरणे मला मान्य नाही.

पाचरा आमच्या ज्येष्ठ मिस्त्रींनी बसवल्या. त्यांची तीस वर्षे आग्रा रोडवरच्या ट्रकांत गेली आहेत, आणि ट्रकला कॅस्टर वाढवायचा तर पाचरेचे जाड टोक मागे ठेवतात, हे त्यांच्या हातात मुरलेले आहे. ट्रकमध्ये कमान अ‍ॅक्सलच्या वर बसते, त्यामुळे ते बरोबरच असते. जिप्सीत कमान अ‍ॅक्सलच्या खाली आहे आणि अ‍ॅक्सल तिच्यावर बसतो. इथे अ‍ॅक्सलचे वरचे अंग मागे झुकवायचे तर त्याचा पुढचा काठ उचलावा लागतो, म्हणजे जाड टोक पुढे हवे. ४ आणि पावणेसहा मिलिमीटरमधला फरक नजरेला चटकन कळतही नाही. गाडी तबकड्यांवर घेतली तेव्हा आकडे डावीकडे १.५ आणि उजवीकडे १.२ आले. वाढायच्या ऐवजी अंशभर घटले होते. मिस्त्रींनी आकडा पाहिला, काही क्षण थांबले, आणि न बोलता पाना हातात घेऊन परत खाली गेले. चूक माझीही होती, कारण काम सांगताना मी "एक अंशाची पाचर" एवढेच म्हटले होते, दिशा सांगितली नव्हती.

पाचरा उलटवल्यावर डावीकडे ३.४ आणि उजवीकडे ३.१ अंश मिळाले. दोन बाजूंतील ०.३ अंशाचा फरक मी मुद्दाम तसाच ठेवला. गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला किंचित ओढते, आणि आपल्याकडे डावीकडून चालताना रस्त्याचा उतार डावीकडे असतो, त्यामुळे उजवीकडे थोडा कमी असणे सोयीचे ठरते. कॅस्टर बदलला की टो हलतो, म्हणून टो सर्वांत शेवटी लावला. गाडी खाली आल्यामुळे स्टेअरिंगचे चाक तिरके झाले होते. ते ड्रॅग लिंकची लांबी जुळवून सरळ केले. पुढच्या शाफ्टच्या क्रॉसवरील कोन आणि स्प्लाइनची (शाफ्टच्या खाचांच्या सरकत्या जोडाची) पकड तपासली. शॅकल लहान झाल्याने चौकट खाली आली होती, त्यामुळे पाचरेचा एक अंश धरूनही आमच्या मापाने कोन फारसा वाढलेला नव्हता.

परिणाम

चाचणीसाठी मी स्वतः मालकाला शेजारी बसवून शिरपूरपर्यंत गाडी नेली, जाताना रिकामी. ताशी ८० किलोमीटरवर स्टेअरिंगला सतत सावरावे लागले नाही. सावळद्याच्या पुलावर वारा होताच. गाडी हलली, पण आपल्या रेषेत परत आली. शिरपूरच्या वळणावर मी हात सैल सोडला तेव्हा स्टेअरिंग तळहाताखालून सरकत स्वतःहून मध्यावर आले, आणि मालकाने तेव्हा पहिल्यांदा पाठ सीटला टेकवली.

सगळे सुटले असे मात्र नाही. भरलेल्या गाडीत कॅस्टर ४ अंशांच्या आसपास जातो आणि जागेवर गाडी वळवताना स्टेअरिंग जड लागते. पॉवर स्टेअरिंग नसल्याने हे जाणवते, आणि मालकाने पुढच्या भेटीत तशी तक्रार केलीही. गतिरोधकावरून जाताना स्टेअरिंगला अजून हलका झटका बसतो. उंच पाट्यांमुळे ड्रॅग लिंक तिरकी झाली आहे, त्यामुळे पुढचे टोक वर-खाली होताना ती चाकाला थोडे वळवते. हा दोष कॅस्टरचा नाही आणि पाचरेने जाणारही नाही.

५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळण्यासाठी गाडी बोलावली होती. चारपैकी एका यू-बोल्टचा नट जवळजवळ पाव फेरा फिरला, म्हणजे ही फेरी अनावश्यक नव्हती. पाचरा जागेवर होत्या आणि आकडे बदलले नव्हते.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, मालकाचे वाक्य ऐकताच मी गाडीच्या कलाचा विचार करायला हवा होता. बॉक्स, बेअरिंग, सांधे हे तपासणे आवश्यक होतेच, पण रिकामी आणि भरलेली अशी दुहेरी मोजणी मी पहिल्या तासातच केली असती तर मालकाचा वेळ वाचला असता.

१ अंशाची पाचर घालण्याच्या निर्णयाबद्दल माझ्या मनात अजून दोन बाजू आहेत. मागचा जादा पाटा काढला असता तर गाडी समतल झाली असती आणि रिकाम्या अवस्थेत जवळपास तेवढाच कॅस्टर पाचरेविना परत मिळाला असता.  खताच्या हंगामापुढे मी तो पर्याय लवकर सोडला. हंगाम संपल्यावर तो पाटा काढून, पाचराही काढून पुन्हा मोजायचे असे आता मालकाशी ठरले आहे, आणि त्याच वेळी उंच पाट्यांचा व ड्रॅग लिंकच्या तिरकेपणाचा निकाल लावायचा आहे.

पाचरेच्या दिशेबाबत आमच्या गॅरेजमध्ये पद्धत बदलली. आता प्रत्येक पाचरेच्या जाड टोकाला पंचने एक ठिपका मारला जातो, आणि कामाच्या कागदावर अंशांसोबत "ठिपका पुढे" किंवा "ठिपका मागे" असे लिहून, कमान अ‍ॅक्सलच्या वर आहे की खाली, तेही नोंदवले जाते. मिस्त्रींनीच ही सूचना केली. मालकाच्या कागदपत्रांच्या पिशवीत आता जुन्या पावतीला टाचून नवी पावती आहे, आणि तिच्यात कॅस्टरच्या रकान्यात दोन्ही बाजूंचे आकडे आहेत, रिकाम्या गाडीचे वेगळे आणि चार गोण्यांसह वेगळे.